ध्रुवीय प्रदेशांतील माती कशी घडते आणि तिचे वर्गीकरण कसे होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत भूगोल शिकवताना लाल माती, काळी माती आणि जांभा यांवर बोलणे सोपे जाते, कारण माथेरानला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या बुटांना ती लाल धूळ चिकटलेली असते आणि गावी शेती असणाऱ्यांनी काळ्या जमिनीच्या भेगा पाहिलेल्या असतात. ध्रुवांकडची माती मात्र पाठ्यपुस्तकात ‘टुंड्रा मृदा’ एवढ्या दोन शब्दांत उरकली जाते. त्यामुळे वर्गात दरवर्षी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. ही उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे माती घडवण्याचे जे काम पाऊस, मुळे आणि गांडुळे करतात, त्यातील बरेचसे काम तिकडे बर्फ करतो, आणि म्हणूनच त्या मातीला नाव देतानाही पहिली चौकशी बर्फाची होते.

ध्रुवीय प्रदेशात सगळीकडे बर्फच असतो ना? मग तेथे माती कुठून आली?

अंटार्क्टिका खंडाच्या बाबतीत ही समजूत बरीचशी बरोबर आहे, कारण त्याचा एक टक्क्याहूनही कमी भाग बर्फाच्या आवरणाबाहेर आहे. परंतु तो खंडच एवढा विस्तीर्ण आहे, की हा उघडा भागही हजारो चौरस किलोमीटर भरतो. भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र शिर्माखर ओअॅसिस नावाच्या अशाच उघड्या, खडकाळ पट्ट्यात उभे आहे आणि २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ केंद्र लार्समन टेकड्यांच्या परिसरात आहे. उत्तरेकडे तर चित्र अगदी वेगळे आहे. सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंडचे किनारे आणि स्वालबार्ड येथील अफाट जमीन उन्हाळ्यात बर्फाखालून मोकळी होते आणि तिच्यावर गवत, शेवाळ व खुरटी झुडपे उगवतात.

जेथे झाडच उगवत नाही, त्या दगडगोट्यांना माती म्हणावे का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बराच काळ पडला होता. माती म्हणजे वनस्पतींना आधार देणारा थर, अशी व्याख्या केली तर अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांमधील जमीन तिच्यातून बाहेर पडते. पण त्या जमिनीत खड्डा खणला, तर वरून खाली रंग बदलत जातो, ठरावीक खोलीवर क्षारांचा पांढरा थर सापडतो, लोहाच्या खनिजांचे ऑक्सिडीकरण होऊन आलेला तांबूसपणा दिसतो. म्हणजेच मूळ खडकाचा भुगा जागच्या जागी बदललेला असतो आणि त्याचे थर पडलेले असतात. हे बदल लक्षात घेऊन अमेरिकी मृदा वर्गीकरणाच्या १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मातीची व्याख्याच रुंदावण्यात आली. मुळांना आधार देण्याची क्षमता असलेली, किंवा मूळ द्रव्यापासून वेगळे ओळखता येतील असे थर पडलेली जमीन, यांपैकी काहीही असले तरी ती माती ठरते. आमच्या मते हा बदल फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे माती म्हणजे केवळ शेतीचे साधन हा दृष्टिकोन मागे पडला.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे नेमके काय?

जी जमीन सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. या व्याख्येत फक्त तापमान आहे, बर्फाचा उल्लेखही नाही, हे विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. बहुतेक ठिकाणी अशा जमिनीत भरपूर बर्फ असतो, पण अंटार्क्टिकात काही ठिकाणी ती इतकी कोरडी असते की कण बर्फाने सांधलेलेच नसतात आणि फावड्याने सहज उकरता येतात. त्याला कोरडा पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

पर्माफ्रॉस्टच्या वरचा जो थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो, त्याला सक्रिय थर म्हणतात. तो कोठे वीतभर, तर कोठे एक-दोन मीटर जाड असतो. माती घडण्याच्या बहुतेक घडामोडी याच पातळ थरात होतात. खालची गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही, त्यामुळे पाऊस अगदी थोडा पडूनही आर्क्टिकची सपाट जमीन उन्हाळाभर चिखलमय राहते. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर त्या जमिनीला वाफसा म्हणून येतच नाही.

गोठलेल्या जमिनीची खोली किती असू शकते, याचा अंदाज सायबेरियातील याकुत्स्क शहरातील एका विहिरीवरून येतो. फ्योदोर शेर्गिन या व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने १८२८ मध्ये तेथे पाण्यासाठी विहीर खणायला सुरुवात केली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटरांहून खोल गेली, तरी गोठलेली जमीन काही संपेना आणि पाणी काही लागेना. पुढे निसर्गशास्त्रज्ञ मिडेनडॉर्फ यांनी याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवरील तापमान मोजले आणि जमीन शेकडो मीटर गोठलेली असू शकते, हे युरोपातील विद्वानांना पटले.

एवढ्या थंडीत माती घडते तरी कशी?

हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये मांडलेले हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ हे पाच घटक तेथेही लागू आहेत, मात्र त्यांचे परस्परांमधील वजन पार बदलते. थंडीत रासायनिक विदारण मंदावते, कारण त्यासाठी लागणारे द्रवरूप पाणीच वर्षातील थोडे आठवडे मिळते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो कोरड्या दऱ्यांत वर्षभराचा हिमवर्षाव पाण्याच्या हिशेबाने ५० मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे आपला तो एक दिवस तिकडच्या किमान अठरा वर्षांएवढा होता. या दऱ्यांमधील डोलेराइट हा खडक रासायनिक घडणीने आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचा जवळचा नातेवाईक आहे. कोकणातील ऊन-पावसात बेसॉल्ट झिजून त्याचा जांभा झाला, तर तिकडे लाखो वर्षे उघड्यावर पडलेल्या डोलेराइटवर लालसर पापुद्रा चढण्यापलीकडे फारसे काही घडलेले नाही. खडक सारखाच असताना हवामानाने किती अंतर पाडले, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

भौतिक विदारण मात्र जोरात चालते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि खडकाच्या फटी रुंदावते, हे सर्वांना माहीत असते. पण जमीन उचलली जाण्याचे मुख्य कारण हे प्रसरण नव्हे. अमेरिकेतील स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्याऐवजी बेन्झीन वापरून मातीचे नमुने गोठवले. बेन्झीन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती फुगली. याचा अर्थ असा, की जेथे गोठण चालू असते त्या पातळीकडे खालच्या न गोठलेल्या मातीतील द्रव सतत ओढला जातो आणि तेथे त्याचे घन थर साचत जातात. समईतील वात जशी तळाचे तेल ज्योतीकडे वर खेचते, तशी ही ओढ असते. मातीच्या कणांभोवती शून्याखालच्या तापमानातही पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा द्रवरूप राहतो आणि त्याच वाटेने हे पाणी सरकते. अशा रीतीने मातीत शुद्ध बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात आणि वरची जमीन त्या चकत्यांच्या जाडीएवढी उचलली जाते. हे सर्वांत जास्त घडते ते पोयट्याच्या बारीक कणांत. वाळूची छिद्रे मोठी असल्याने तिची ओढ कमी पडते, तर चिकणमातीची ओढ दांडगी असली तरी तिच्यातून पाणी फार सावकाश सरकते.

यातले काही मुंबईत बसून पाहता येईल का?

थोडेसे नक्कीच पाहता येते. कुंडीतील खताची माती न घेता ओढ्याकाठचा बारीक गाळ घ्यावा, तो थापता येईल इतका ओला करून स्टीलच्या वाडग्यात दाबून भरावा, वरून पट्टीने सपाट करावा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा. सकाळी तो पृष्ठभाग मध्यभागी किंचित फुगलेला दिसतो आणि कडेने बारीक भेगा गेलेल्या असतात. वाडगा क्षणभर पाण्यात धरून ढेकूळ बाहेर काढले आणि मोडले, की तुटलेल्या बाजूवर चकाकणारे बर्फाचे कण आणि केसासारख्या रेषा दिसतात. फ्रीझरमध्ये माती सर्व बाजूंनी आणि भराभर गोठते आणि खालून नवे पाणीही मिळत नाही, म्हणून या रेषा बारीक राहतात. हेच ढेकूळ वितळू द्यावे, पुन्हा गोठवावे, असे आठ-दहा वेळा केले, तर आधी गुळगुळीत थापलेला गाळ पापुद्र्यांत सुटू लागतो. ध्रुवीय मातीची पापुद्र्यांसारखी रचना तज्ज्ञ खड्ड्याच्या भिंतीवर याच खुणेवरून ओळखतात.

माती ‘घुसळली जाते’ म्हणजे काय?

आपल्या ओळखीच्या मातीत थर एकावर एक नीट रचलेले असतात. वर काळपट सेंद्रिय थर, त्याखाली फिकट किंवा तांबूस थर आणि तळाशी मुरूम. ध्रुवीय मातीत हीच मांडणी विस्कटलेली आढळते. गोठणे आणि वितळणे, फुगणे आणि खचणे या फेऱ्यांमुळे माती वर्षानुवर्षे आतल्या आत सरकत राहते, थर तुटतात, वाकतात, काळ्या सेंद्रिय मातीच्या जिभा खाली राखाडी मातीत घुसतात आणि खालचा गाळ वर उफाळून येतो. या क्रियेला क्रायोटर्बेशन म्हणतात. मराठीत तिला हिमघुसळण म्हणणे आम्हाला योग्य वाटते, कारण ताक घुसळावे तसेच ते चित्र दिसते.

या घुसळणीमुळे जमिनीवर आश्चर्य वाटावे इतक्या नेटक्या आकृत्या उमटतात. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे. त्या परिसरातील क्वादेहुकस्लेट्टा या किनारी पठारावर दगडांची वर्तुळे आहेत. मध्ये काही मीटर रुंदीचा बारीक मातीचा फुगवटा आणि त्याभोवती कोणी हाताने रचावे तसे दगडांचे कडे. असे एक नव्हे, तर एकमेकांना लागून कित्येक आहेत. गोठताना दगडाखाली बर्फ साचतो आणि दगड उचलला जातो, वितळताना त्याखालच्या पोकळीत बारीक माती शिरते आणि दगडाला मूळ जागी परतता येत नाही. अशा असंख्य हिवाळ्यांनंतर दगड आणि माती वेगळी होतात. ए. एल. वॉशबर्न यांनी १९५६ मध्ये या आकृत्यांचे वर्तुळे, बहुभुज, जाळ्या, पायऱ्या आणि पट्टे असे प्रकार पाडले, आणि तेच आजही वापरले जातात.

बहुभुजांची जन्मकथा निराळी आहे. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन आणखी आकसते आणि तिला भेगा पडतात. वसंतात वितळलेले पाणी त्या भेगेत उतरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात जमीन तेथेच पुन्हा फाटते, आणि शेकडो-हजारो वर्षांत मीटरभर किंवा त्याहून रुंद बर्फाची पाचर तयार होते. विमानातून पाहिले तर दहा ते तीस मीटर रुंदीच्या बहुभुजांनी सारे मैदान भरलेले दिसते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये पडणाऱ्या भेगांचे जाळे ज्याने पाहिले आहे, त्याला ही आकृती परकी वाटणार नाही. काळी जमीन वाळल्याने आकसते आणि ध्रुवीय जमीन थंडीने, पण दोन्ही जमिनी स्वतःला आतून घुसळतात आणि दोन्हींना वर्गीकरणात स्वतंत्र गण, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरचा गट, मिळाला आहे.

आर्क्टिक आणि अंटार्क्टिक येथील माती सारखीच असते का?

अजिबात नाही, आणि हा फरक परीक्षेतही सहसा कोणी लिहीत नाही. आर्क्टिकच्या मातीत पाणी जास्त आणि वनस्पती भरपूर असतात. थंडी आणि साचलेले पाणी यांमुळे मेलेली पाने-मुळे कुजत नाहीत आणि पीटचे जाड थर साचतात. याउलट अंटार्क्टिकात फुलणाऱ्या वनस्पतींच्या स्थानिक जाती अवघ्या दोन आहेत आणि त्याही द्वीपकल्पाच्या सौम्य हवामानात व आसपासच्या बेटांवर. बाकी ठिकाणी शेवाळ, शैवाल आणि आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाच्या जातकुळीतील धोंडफुले एवढाच संसार असतो. मॅकमर्डोच्या दऱ्यांतील मातीत ह्युमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश, जवळजवळ नसतो. वर वाऱ्याने घासलेल्या दगडांची फरसबंदी, खाली सैल रेती आणि तिच्यात सल्फेट, नायट्रेट व क्लोराइड क्षार, अशी तिची ठेवण असते. पाऊस नसल्याने क्षार धुऊन जात नाहीत. जितकी जमीन जुनी तितके ते अधिक, म्हणून क्षारांच्या प्रमाणावरून जमिनीच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

या वाळवंटी चित्राला एक ठळक अपवाद आहे, तो पेंग्विनच्या वसाहतींचा. पिढ्यानपिढ्या एकाच जागी साचलेल्या विष्ठेमुळे तेथील माती फॉस्फरस आणि नायट्रोजनने समृद्ध होते. पेंग्विन ती जागा सोडून गेल्यानंतर हजारो वर्षांनीही मातीतील फॉस्फरस त्यांचा मुक्काम सांगतो.

ध्रुवीय मातीचे वर्गीकरण कसे करतात?

जगात अनेक पद्धती आहेत, पण आपल्यासाठी सर्वांत उपयुक्त ती अमेरिकी मृदा वर्गीकरण पद्धती. नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थाही भारतीय मातीसाठी तीच वापरते. या पद्धतीत आज बारा गण आहेत आणि बारावा गण ‘जेलिसोल’ १९९८ च्या सुमारास जोडला गेला. गोठणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. त्याआधी पर्माफ्रॉस्टवरील माती वेगवेगळ्या गणांत विखुरलेली होती आणि शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांतील सारखी दिसणारी माती दोन टोकांच्या गणांत जात असे.

जेलिसोल ठरण्याचे निकष दोन आहेत. पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत पर्माफ्रॉस्ट लागला पाहिजे. किंवा तो २०० सेंटिमीटरच्या आत असून वरच्या १०० सेंटिमीटरमध्ये घुसळणीच्या अथवा बर्फाच्या चकत्यांच्या खुणा दिसल्या पाहिजेत. गण ओळखण्याची किल्ली, म्हणजे क्रमाने विचारायच्या प्रश्नांची यादी, उघडली, की पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर होकारार्थी आले, तर ती माती पीटची आहे का, चिकणमातीची आहे का, क्षारयुक्त आहे का, हे प्रश्न गणाच्या पातळीवर विचारलेच जात नाहीत. या क्रमातच पद्धतीची सारी भूमिका सामावलेली आहे, कारण गोठणे हा गुण बाकी सर्व गुणांवर मात करतो असे तिने मानले आहे.

त्यापुढे तीन उपगण येतात. मुख्यतः सेंद्रिय पदार्थांची असेल तर हिस्टेल, घुसळणीच्या स्पष्ट खुणा असतील तर टर्बेल, आणि या दोन्हींत न बसणारी उरते ती ऑर्थेल. कोरड्या दऱ्यांमधील बरीच माती ऑर्थेलमध्ये, आणि त्यातही ‘अॅनहायऑर्थेल’ या निर्जल गटात मोडते. खड्ड्याची नोंद करताना थराच्या नावापुढे गोठलेल्या थरासाठी ‘एफ’, कोरड्या पर्माफ्रॉस्टसाठी ‘एफएफ’ आणि घुसळणीसाठी ‘जेजे’ ही रोमन अक्षरे जोडतात.

मग ‘क्रायोसोल’ हा शब्द कुठला?

तो आंतरराष्ट्रीय मृदा संदर्भ पद्धतीतील आणि कॅनडाच्या राष्ट्रीय पद्धतीतील आहे, आणि त्याचे मूळ थंडीसाठीच्या ग्रीक शब्दात आहे. क्रायोसोल आणि जेलिसोल हे ढोबळमानाने समानार्थी असले तरी तंतोतंत एक नाहीत. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या किल्लीत पहिला प्रश्न पीटचा असतो, गोठण्याचा नंतर येतो. त्यामुळे सायबेरियातील गोठलेल्या दलदलीत एकच खड्डा खणला, तर अमेरिकी पद्धतीने ती माती जेलिसोलमधील हिस्टेल ठरते आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीने मात्र क्रायोसोल न ठरता हिस्टोसोल ठरते. कॅनडाच्या पद्धतीत टर्बिक (घुसळलेली), स्टॅटिक (न घुसळलेली) आणि ऑरगॅनिक (सेंद्रिय) असे तीन मोठे गट असून अमेरिकी उपगणांशी त्यांचे साम्य उघड आहे.

ध्रुवाजवळची प्रत्येक माती जेलिसोलच असते का?

नाही. जेथे पर्माफ्रॉस्ट खोल आहे किंवा मुळीच नाही, तेथील माती इतर गणांत जाते, उदाहरणार्थ अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या काही बेटांवरील. उलट, जेलिसोल असायला ध्रुव जवळ असण्याचीही गरज नाही. लडाखच्या अतिउंच भागांत पर्माफ्रॉस्ट आहे आणि तिबेटच्या पठारावर तर तो फार मोठ्या क्षेत्रात पसरलेला आहे.

ही माती वितळली तर काय होईल?

उत्तर गोलार्धातील पर्माफ्रॉस्ट प्रदेशांच्या मातीत सुमारे १,३०० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचे अंदाज आहेत. वातावरणात आज जेवढा कार्बन आहे, त्याच्या दीडपट ते जवळपास दुप्पट असा हा साठा आहे. घुसळणीने जी काळी माती खाली ओढली गेली, ती गोठून राहिल्यामुळे कुजली नाही, म्हणून हा साठा टिकला. जमीन वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात. हवा खेळती असेल तेथे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी साचले असेल तेथे मिथेनही बाहेर पडतो. शिवाय बर्फाच्या पाचरी वितळल्या की जमीन खचते आणि खड्डे व तळी तयार होतात.

बांधकामावर होणारा परिणामही मोठा आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या अलास्कातील सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या तेलवाहिनीचा अर्ध्याहून अधिक भाग खांबांवर उभारावा लागला, कारण गरम तेलाची नळी जमिनीत पुरली असती तर तिच्याखालची जमीनच वितळली असती. स्वालबार्डमधील जागतिक बियाणे भांडार पर्माफ्रॉस्टच्या भरवशावर डोंगरात खोदले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच्या प्रवेश बोगद्यात पाणी शिरले. बियाण्यांना धक्का लागला नाही, पण बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला.

अंटार्क्टिकाची मूठभर माती मुंबईत आणता येईल का?

पर्यटक म्हणून गेलात, तर नाही. अंटार्क्टिक कराराच्या १९९१ च्या पर्यावरण नियमावलीनुसार आणि आपल्या २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानुसार तेथून नमुने घेण्यासाठी परवाना लागतो. भारतात माती आणण्यावरही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाची बंधने आहेत. उलट दिशेनेही काळजी घ्यावी लागते. निर्जंतुक न केलेली माती तिकडे नेणे टाळावे, असे त्या नियमावलीत सांगितले आहे, आणि म्हणून तेथे उतरण्यापूर्वी प्रवाशांच्या बुटांच्या तळव्यांतील खाचा ब्रशने घासून साफ केल्या जातात. माथेरानची लाल धूळ तेथे जाऊ न देण्याची हीच रीत आहे.